डेस्कटॉप विकी

स्वतःच्या संगणकावर, इंटरनेटशिवाय चालणारा, दुव्यांनी एकमेकांशी जोडलेल्या पानांचा संग्रह. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी इंटरनेटवर खुला केला. तिथे कोणीही पान बदलू शकत होते आणि अजून न लिहिलेल्या पानाचाही दुवा आधी देऊन ठेवता येत होता. यातली दुसरी सोय डेस्कटॉप विकीने उचलली. पाने साध्या मजकुराच्या फायलींत राहतात. मथळे, ठळक अक्षरे, याद्या यांसाठी मजकुरातच हलक्या खुणा असतात.

मराठी वाचकाला ही रीत परकी नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली उभ्या राहिलेल्या मराठी विश्वकोशात ‘पहा’ म्हणून दुसऱ्या नोंदींचे निर्देश दिलेले असतात. छापील कोशात त्यासाठी दुसरा खंड काढावा लागतो. विकीत ते क्लिकवर होते, शिवाय कोणकोणत्या पानांवरून इथे दुवा आला आहे तेही कळते.

सांगलीत कोणी कृष्णेच्या पुराची टिपणे ठेवत आहे असे धरू. ‘कोयना धरण’ या पानावर विसर्गाच्या नोंदी, तिथून ‘कऱ्हाड’ला दुवा, कारण कोयना कृष्णेला मिळते ती तिथल्या प्रीतिसंगमावर, आणि पुढे सांगलीतला कृष्णेवरचा ‘आयर्विन पूल’. या शेवटच्या पानावर धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेल्याची नोंद. फायलीत हे [[कऱ्हाड]] आणि **४५ फूट** असे असते. दृश्य संपादनात कंस आणि तारे दिसत नाहीत. निळा दुवा आणि ठळक आकडा दिसतो, आणि तिथेच टाइप करता येते.

असा विकी बनवताना खरी अडचण वाचण्यात नसते, परत लिहिण्यात असते. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी आणलेल्या मार्कडाउन या खुणांच्या पद्धतीत ठळक अक्षरांना दोन तारे चालतात, दोन अधोरेषाही चालतात; यादीच्या ओळीला -, * किंवा + यांपैकी काहीही. पडद्यावर सगळे सारखेच. प्रोग्रॅम फाइल वाचून मजकुराचा रचनावृक्ष, म्हणजे मथळा, यादी, ठळक शब्द अशा घटकांची एकात एक बसवलेली मांडणी, करतो आणि साठवताना त्या वृक्षावरून फाइल नव्याने लिहितो. त्या वेळी त्याने स्वतःच्या आवडीची खूण वापरली, की एक आकडा दुरुस्त केला तरी गिट या फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात अख्खे पान बदललेले दिसते. पुराच्या नोंदींसारख्या कामात हे चालणारच नाही: कोणता आकडा कधी बदलला हे शोधायची सोयच जाते. म्हणून प्रत्येक घटक मूळ फायलीत कुठून कुठपर्यंत होता हे जपावे आणि हात लागला तेवढाच भाग पुन्हा लिहावा.

दुसरी वाट म्हणजे वृक्षावर संपादन करायचेच नाही. मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून खुणा फक्त लपवायच्या. कर्सर त्या जागी आला की उघड्या करायच्या. ऑब्सिडियन हा टिपणांचा प्रोग्रॅम असे करतो. एकट्यादुकट्याने बांधायला हीच वाट बरी, कारण तिच्यात मजकूर बिघडण्याला वाव फार कमी. मात्र तक्ते या वाटेने अवघड जातात.

दुवे आणि शोधासाठी वेगळी सूची लागते. याप कार्सेनबर्ग यांचा झिम हा डेस्कटॉप विकी ती एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवतो. सूची हरवली तरी फायलींवरून ती पुन्हा तयार झाली पाहिजे.

देवनागरीत आणखी काम वाढते. ‘हळदीचा’ या शब्दातला ‘हळद’ एवढाच भाग ठळक करायला गेले, तर संगणकातल्या अक्षर-संकेतांच्या हिशेबाने बंद होणारे तारे ‘द’ आणि वेलांटी यांच्या मध्ये पडतात. वेलांटी ताऱ्याला चिकटते किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर उभी राहते. निवड नेहमी अक्षराच्या सीमेपर्यंत ताणून घ्यावी. जोडाक्षरे एकसंध धरण्याचा नियम युनिकोड या अक्षर-संकेतांच्या जागतिक मानकाच्या अक्षर-सीमांच्या नियमांत २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. त्याआधीच्या नियमांवर बांधलेली साधने ‘क्षि’चे दोन तुकडे करतात.

‘कऱ्हाड’चा प्रश्न याहून चिवट आहे. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला फरक नाही. पण कीबोर्ड बदलला की त्याच नावाचे दुसरे, रिकामे पान उघडते आणि दुवे दोघांत वाटले जातात. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करणारे युनिकोडचे एनएफसी प्रमाणीकरणही या दोन रूपांना एक करत नाही. तेव्हा सूचीपुरते दोन्हींचे एकच रूप करून तुलना करावी, आणि लिहिणाऱ्याने टाइप केलेले मूळ अक्षर फायलीत तसेच राहू द्यावे. ‘कराड’ असे लिहिणाऱ्यांसाठी त्याच पानाला पर्यायी नाव देण्याची सोय ठेवावी.

तपासणी सोपी आहे. विकीतले प्रत्येक पान उघडायचे, काहीही न बदलता साठवायचे आणि आधीच्या फायलीशी बाइटगणिक ताडून पाहायचे. जिथे फरक पडेल ते पान चाचण्यांच्या संचात कायमचे घालून ठेवायचे.