वेळापत्रकात आधी कोणाला जागा मिळते?

समजा, माध्यमिक शाळेतल्या एका इयत्तेत १२० मुलं आहेत. दिवसाला ६ तास. इतिहासाच्या ३०-३० मुलांच्या ४ तुकड्या केल्या आहेत आणि त्या पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या तासाला भरतात. या १२० पैकी ३० मुलांनी वरच्या पातळीचं गणित घेतलं आहे. त्याची तुकडी एकच, दुसऱ्या तासाला. त्याच ३० जणांनी वरच्या पातळीचं विज्ञानही घेतलं आहे. त्याचीही तुकडी एकच, चौथ्या तासाला.

या मुलांना इतिहासासाठी उरले दोनच तास, पहिला आणि पाचवा. त्या दोन तुकड्यांच्या ६० जागांपैकी ३० जागा त्यांनीच भरल्या. दुसऱ्या आणि चौथ्या तासाच्या इतिहासात त्यांच्यातलं एकही मूल नाही.

इतिहासात हुशारांचे वर्ग वेगळे काढा, असं कोणीही म्हटलेलं नव्हतं. तरी ते वेगळे निघाले. काही दिवसांतच शिक्षकांच्या खोलीत ‘पाचव्या तासाचा वर्ग छान, चौथ्या तासाचा जड’ असं बोललं जाऊ लागतं, आणि मुलांच्याही ते लक्षात येतं. आता गणित तिसऱ्या तासाला आणि विज्ञान सहाव्या तासाला हलवा. त्या वेळी इतिहासाची तुकडीच नाही, त्यामुळे हे ३० जण चारही तुकड्यांत सात-आठ करून विखुरता येतात. शिक्षक तेच, विषय तेच, मुलं तीच. फक्त दोन चौकोन सरकवले.

वेळापत्रक ही कारकुनी बाब आहे, असं समजून आपण ते एकदोघांवर सोपवतो आणि मोकळे होतो. मला ते पटत नाही. शाळेचा अभ्यासक्रम किती न्याय्य आहे यावर आपण तासन्‌तास चर्चा करतो. पण तो अभ्यासक्रम कोणाच्या वाट्याला कसा येणार, हे त्या तक्त्यावर ठरतं.

तक्ता बनवणं अवघड का असतं? नवल असं की मुळात ते अवघड नाही. हंगेरीचे गणिती देनेश क्योनिग यांनी १९१६ साली आलेखांविषयी, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा यांच्या आकृत्यांविषयी, एक प्रमेय सिद्ध केलं. एका बाजूला शिक्षकांचे ठिपके, दुसऱ्या बाजूला वर्गांचे ठिपके काढा. एखाद्या शिक्षकाचे एखाद्या वर्गावर आठवड्याला जितके तास, तितक्या रेघा त्या दोघांमध्ये ओढा. कोणत्याही ठिपक्यातून ४० पेक्षा जास्त रेघा निघत नसतील, तर ४० रंगांत सगळ्या रेघा अशा रंगवता येतात की एकाही ठिपक्याला एका रंगाच्या दोन रेघा भिडत नाहीत. रंग म्हणजे आठवड्यातली एकेक तासिका. म्हणजे कोणावर ४० पेक्षा जास्त तास नसतील, तर ४० तासिकांचं वेळापत्रक हमखास बसतं.

मग एक अट घाला: अमुक शिक्षक अमुक वेळी उपलब्ध नाहीत. कोणी अर्धवेळ आहे, कोणी दोन शाळांत शिकवतं. शिमॉन इव्हन, अलोन इताई आणि आदी शामिर यांनी १९७६ साली दाखवून दिलं की एवढ्या एका अटीने हे कोडं ‘एनपी-पूर्ण’ या कुप्रसिद्ध गटात जाऊन पडतं. (यातले शामिर पुढच्याच वर्षी ‘आरएसए’ या गुप्तलेखन पद्धतीच्या तिघा जनकांपैकी एक ठरले.) या गटातल्या कोड्यांचं उत्तर प्रत्येक वेळी झटपट काढून देईल, अशी कोणतीही रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. खऱ्या शाळेत तर प्रयोगशाळा एकच, मैदान एकच, संगीताचे शिक्षक एकच आणि प्रत्येक मुलाची विषयांची निवड निराळी.

म्हणून वेळापत्रक करणारी माणसं, आणि त्यांची सॉफ्टवेअरही, सहसा सर्वोत्तम उत्तर शोधत बसत नाहीत. अडचणीचे तास आधी बसवायचे, मग बाकीचे त्यांच्याभोवती, हा सर्वांचा रिवाज. जो आधी बसतो त्याला मोकळं मैदान मिळतं. जो शेवटी बसतो त्याला फटी मिळतात. कोणत्या तासाला ‘अडचणीचा’ मानायचं, हे मात्र गणित सांगत नाही. ते माणसं ठरवतात.

एकच तुकडी असलेले वरच्या पातळीचे विषय आधी बसतात, कारण ते घेणारी मुलं आणि त्यांचे पालक आवाज उठवतात. वाचनात किंवा गणितात मागे पडलेल्यांचा आधारवर्गही बहुधा एकच असतो, पण तो शेवटी बसतो. मग तो चित्रकलेच्या, संगीताच्या किंवा खेळाच्या तासावर येऊन आदळतो. ज्या मुलाला शाळेत यावंसं वाटण्याचं कारणच तबला किंवा फुटबॉल आहे, त्याचा नेमका तोच तास आपण काढून घेतो आणि वर म्हणतो की हे तुझ्याच भल्यासाठी आहे. या लेखातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते.

तास दिवसाच्या कोणत्या टोकाला पडतो, यानेही फरक पडतो. डेन्मार्कमधल्या सरकारी शाळांच्या संगणकीय चाचण्यांचे सुमारे २० लाख निकाल संशोधकांनी तपासले. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. चाचणीची वेळ वर्गाचा तक्ता आणि संगणकांची उपलब्धता यांवर ठरत होती, मुलाच्या कुवतीवर नाही. दिवस एकेक तासाने पुढे सरकला की सरासरी गुण थोडे घसरत गेले, आणि २० ते ३० मिनिटांच्या सुट्टीनंतर ते सावरले. परिणाम लहान होता, पण तो सर्वांवर सारखा नव्हता: कमी गुण मिळवणाऱ्या मुलांना थकव्याचा फटका जास्त बसला आणि सुट्टीचा फायदाही जास्त झाला. एखाद्या तुकडीचं गणित वर्षभर शेवटच्या तासालाच ठेवलं, तर तो भार रोज त्याच मुलांवर पडतो. तासांचा क्रम दिवसागणिक फिरता ठेवणाऱ्या शाळांत तो वाटला जातो.

सकाळच्या पहिल्या तासाची गोष्ट वेगळी, कारण तिथे शरीरच आडवं येतं. वयात येताना मेंदूतून मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारं संप्रेरक रात्री उशिरा पाझरू लागतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्सकॅडन यांनी यावर अनेक वर्षं काम केलं आहे. किशोरवयीन मुलाला ८ ते १० तास झोप लागते. रात्री ११ पर्यंत डोळा लागत नसेल आणि सकाळी ६ ला उठावं लागत असेल, तर हिशेब उघड आहे. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

अमेरिकेतल्याच सिॲटल शहराने २०१६ साली माध्यमिक शाळांची वेळ ७:५० वरून ८:४५ वर नेली. दोन शाळांमधल्या मुलांच्या मनगटावर नोंदयंत्रं बांधून पाहिलं, तेव्हा झोप ३४ मिनिटांनी वाढलेली दिसली. शाळा उशिरा भरते म्हणून मुलं रात्री तेवढीच जास्त जागत बसली, असं झालं नाही. दोनपैकी ज्या शाळेत गरीब घरांतली मुलं जास्त होती, तिथे गैरहजेरी आणि उशिरा येणंही कमी झालं. पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच केला. २०२२ पासून तिथल्या बहुतेक उच्च माध्यमिक शाळा ८:३० च्या आधी भरत नाहीत.

पण घंटा हलवली की सगळ्या गावाचा दिवस हलतो. बॉस्टनमध्ये त्याच बस एकापाठोपाठ एक अशा तीन वेळच्या शाळांसाठी धावतात. २०१७ मध्ये एमआयटी या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी संगणकाकडून अशी आखणी करून घेतली की मोठ्या मुलांच्या शाळा उशिरा भरतील आणि सोयीच्या वेळा वस्त्यांमध्ये जास्त समान वाटल्या जातील. तोवर त्या वेळा सुखवस्तू वस्त्यांच्या वाट्याला जास्त येत होत्या. मात्र त्यासाठी लहान मुलांच्या अनेक शाळा पुष्कळ लवकर भरवाव्या लागणार होत्या. पालक संतापले आणि योजना काही आठवड्यांतच मागे घेतली गेली. त्या संतापालाही आधार होता. कामाच्या पाळ्या बदलता न येणाऱ्या आईबापांनी दुपारी लवकर सुटलेलं लहान मूल कोणाकडे सोपवायचं?

संगणकाला शिक्षकांची उपलब्धता कळते, बसची संख्या कळते. पाळीवर जाणाऱ्या आईची अडचण कोणी लिहून दिली तरच कळते. आधारवर्गाचंही तसंच आहे. तो यादीच्या डोक्यावर लिहिला, आणि संगीत व खेळाच्या तासांशी त्याची टक्कर होता कामा नये ही अट त्यासोबत घातली, तर तोही आधी बसतो. मग फटी शोधत फिरण्याची पाळी ज्यांच्या ४-४ तुकड्या आहेत त्या विषयांवर येते, आणि त्यांना फटी सहज सापडतात.