हाडांना ‘आता पुरे’ सांगणारे जनुक

नेदरलँड्समधले उर्क हे कोळ्यांचे गाव एके काळी बेट होते. लग्ने बरीचशी गावातल्या गावात. इथल्या काही कुटुंबांत एक विचित्र आजार दिसे: जबडा रुंद होत जातो, कवटी जाड होते आणि हाड सहसा मोडत म्हणून नाही. वान बुखेम या डच डॉक्टरांनी 1955 मध्ये त्याचे वर्णन केले. दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेल्या डच वंशाच्या आफ्रिकानर लोकांत याचाच अधिक उग्र भाऊबंद आढळतो, स्क्लेरोस्टिओसिस. त्यात उंचीही अफाट वाढते आणि अनेकांची हाताची बोटे जन्मतःच जुळलेली असतात.

न मोडणारी हाडे कोणाला नकोत? पण चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून बाहेर येते. हाड वाढले की बोगदा आवळतो, चेहरा लुळा पडतो. ऐकू येणेही कमी होते. कवटी आतून जाड होत गेली की मेंदूवरचा दाब वाढतो, आणि त्यातून अचानक मृत्यूही ओढवू शकतो.

दोन्ही आजारांचे मूळ एकच: सतराव्या गुणसूत्रावरचे एसओएसटी हे जनुक, 2001 मध्ये हाती लागलेले. आफ्रिकानर रुग्णांत ते जनुकच बिघडलेले असते. उर्कमध्ये मात्र जनुक धडधाकट! त्याच्यापासून काही अंतरावरचा सुमारे 52 हजार अक्षरांचा डीएनएचा तुकडा तिथे गायब आहे, आणि हाडात हे जनुक चालू करणारी कळ नेमकी त्या तुकड्यात होती. मला तर या कहाणीतला हाच भाग सर्वांत रंजक वाटतो.

हे जनुक स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन बनवते. हाडाच्या आत चिणल्यागत बसलेल्या ऑस्टिओसाइट पेशी ते सोडतात, आणि नवे हाड रचणाऱ्या पेशींना मिळणारा ‘बांधा’ हा निरोप त्याने अडतो. हाडावर भार पडला की स्क्लेरोस्टिन घटते, बांधकामाला मोकळीक मिळते. अंथरुणाला खिळलेल्या माणसात उलटे घडते. हाडे बळकट करायला नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या पुरत नाहीत, चालावेही लागते, त्यामागचे एक कारण हे.

स्क्लेरोस्टिओसिस व्हायला आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष प्रत यावी लागते. एकच सदोष प्रत असलेल्यांची हाडे सरासरीपेक्षा भरीव असतात, पण त्यांना त्रास काही नसतो. म्हणजे स्क्लेरोस्टिन पूर्ण बंद न करता थोडे दाबले तर? त्यातूनच रोमोसोझुमॅब हे औषध आले. ते स्क्लेरोस्टिनला पकडून निकामी करते. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ झालेल्या आणि फ्रॅक्चरचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांसाठी अमेरिकेत त्याला 2019 मध्ये मान्यता मिळाली. महिन्यातून एकदा, असे फक्त वर्षभर ते टोचतात. पुढे हाडांची झीज रोखणारे दुसरे औषध सुरू करावे लागते, नाहीतर कमावलेले हाड परत झिजते. आणि वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, तर हे इंजेक्शन देत नाहीत.