बॅलास्ट बॅग भरताना: वेकबोर्डिंगसाठी बोट वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

वेकबोर्डिंग म्हणजे बोटीमागे दोरी धरून, फळीवर उभं राहून लाटेवर खेळणं, आणि बॅलास्ट बॅग म्हणजे त्यासाठी बोट जड करायला पाण्याने भरायची पिशवी. सीझन सुरू झाला की आम्हाला एकच फोन पुन्हा पुन्हा येतो. "बॅगा भरल्या, पण बोट एका बाजूला कलतेय. पंप गेला का?" जेटीवर येऊन बघावं तर पंप ठणठणीत असतो आणि बॅगही कुठे फाटलेली नसते. आत हवा राहिलेली असते. तुमची वारा पडलेली सकाळ त्यात जाते, आणि आमचा माणूस देवबागला अडकला की मालवणच्या वर्कशॉपमधलं काम खोळंबतं. म्हणून हे पत्रक.

वजन कशासाठी, हे तुम्हाला ठाऊक आहेच. जड बोट खोल बसते, जास्त पाणी बाजूला सारते आणि मागची लाट उंच होते. लिटरभर पाण्याचं वजन एक किलो, खाऱ्या पाण्याचं किंचित जास्त. २०० लिटरची बॅग भरली की तीन धडधाकट माणसं बोटीत चढली असं समजा.

चूक होते ती घड्याळ लावून भरण्यात. पंपावर ताशी ३,००० लिटर लिहिलंय, म्हणजे २०० लिटरला चार मिनिटं, असा हिशोब होतो. पण तो आकडा पाणी वर चढवायचं नसताना मिळणारा असतो. लांब होज, त्यातली वळणं, बोटीच्या काठाची उंची आणि उतरलेली बॅटरी, यांमुळे प्रत्यक्षात पाणी बरंच कमी येतं. त्यात हवा बॅगेच्या वरच्या कोपऱ्यात जमते. तिला वाट मिळाली नाही की बॅग हाताला टणक लागते आणि भरल्यासारखी वाटते, आत पाणी मात्र निम्मं-पाऊणच. परातीत पाणी घेऊन चालून बघा, तसंच हे पाणी वळणावर खालच्या बाजूला धावतं आणि बोट त्याच अंगाला आणखी कलते. दोरीवरच्या माणसाला एका बाजूची लाट चांगली मिळते, दुसरीकडे नुसता फेस.

भरण्याआधी बॅग सपाट पसरा, घडी राहू देऊ नका. हवेचा व्हॉल्व्ह सगळ्यात वर येईल अशी ती ठेवा, तो उघडा आणि मगच पंप चालू करा. भरत आली की तो कोपरा हाताने उचलून धरा. फुसफुस थांबून पाण्याची सलग धार लागली की पंप बंद, व्हॉल्व्ह बंद. वजन कमी हवं असेल तर मोठी बॅग अर्धवट भरण्यापेक्षा छोटी बॅग काठोकाठ भरा. एका मोठ्या बॅगेऐवजी आम्ही तीन छोट्या सुचवतो त्या याचसाठी. मागे दोन्ही अंगांना एकेक आणि पुढे एक. थोड्या महाग पडतात, पण माणसं कमी-जास्त झाली तरी तोल साधता येतो.

आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या काठाला बाहेरून लावलेलं इंजिन, असेल तर पुढची बॅग आधी भरा. इंजिनाचा भार मागे असतोच. सगळं पाणी मागे घेतलं की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचलते, समोरचं दिसेनासं होतं आणि वेग घ्यायला पेट्रोल जळतं. आउटबोर्डच्या मागे वेकसर्फिंग, म्हणजे दोरी सोडून बोटीलगतच्या लाटेवर फळीने तरंगणं, मात्र अजिबात नको. त्यात माणूस इंजिनाच्या पंख्याच्या फार जवळ असतो.

बोटीची क्षमता-प्लेट, म्हणजे किती वजन चालेल ते लिहिलेली पट्टी, बघितल्याशिवाय आम्ही बॅग देत नाही, याचा काहींना राग येतो. प्लेटवरच्या वजनात माणसं, सामान आणि बॅलास्टचं पाणी सगळं आलं. आठ जणांच्या बोटीत आठ जण बसवून वर ४०० लिटर पाणी घेतलं, तर एकदम वेग कमी करताच मागची लाट काठावरून आत येते. यात आम्ही सूट देणार नाही, विक्री गेली तरी चालेल.

खाडीत भरलेलं पाणी त्याच खाडीत सोडा. बाहेरून आलेली पट्टेरी शिंपली मुंबई बंदरात कधीचीच ठाण मांडून बसली आहे. बॅगेतल्या पाण्यातून असे जीव दुसरीकडे नेऊ नका. नंतर बॅग आणि पंप गोड्या पाण्याने धुऊन, व्हॉल्व्ह उघडे ठेवून सावलीत वाळवा.

नवी बॅग घ्यायची असेल तर प्लेटचा फोटो आणि सीटखालच्या कप्प्यांची मापं पाठवा. पहिल्यांदा घेणाऱ्यांना जेटीवर एकदा भरून दाखवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्या वेळी बोट चालवणारा स्वतः हजर हवा. मालकाने बघून त्याला नंतर सांगितलं, की हवेचा व्हॉल्व्ह उघडायचाच नेमका राहून जातो.