प्रायोगिक रंगभूमी : अभ्यासदृष्टी

विसाव्या शतकातील प्रायोगिक रंगभूमीचे अभ्यासक नाट्यसंहितेपेक्षा प्रत्यक्ष प्रयोगाला प्रमाण मानतात. प्रयोग मात्र संपताच नाहीसा होतो. त्यामुळे पुरावा कशाला म्हणावे, हा या अभ्यासाचा मूळ प्रश्न ठरतो.

अमेरिकन संगीतकार जॉन केज याने १९५२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ब्लॅक मौंटन कॉलेजात केलेला अनामिक प्रयोग हे याचे ठळक उदाहरण. ‘हॅपनिंग’ या, म्हणजे कथानकाऐवजी नेमून दिलेल्या कृतींवर उभ्या राहणाऱ्या, प्रयोगप्रकाराचा उगम अनेक जण येथे मानतात. प्रेक्षकांच्या खुर्च्या मध्याकडे तोंड करून त्रिकोणी गटांत मांडल्या होत्या. डेव्हिड ट्यूडरचे पियानोवादन, मर्स कनिंगहॅमचे नृत्य, शिडीवरून वाचन आणि रॉबर्ट राउशेनबर्गची पांढरी चित्रे यांना कथानकाचा धागा नव्हता. यावर साधारण एकमत आहे. परंतु शिडीवर केव्हा कोण होते, चित्रे कशी टांगली होती, प्रयोग किती वेळ चालला, याविषयी उपस्थितांच्याच आठवणी जुळत नाहीत. पूर्ण संहिता उपलब्ध नाही. शिवाय अमेरिकन कलावंत ॲलन कॅप्रोचा १९५९ चा न्यूयॉर्कमधील हॅपनिंग प्रयोग गाजल्यानंतर सांगितलेल्या आठवणींवर त्या यशाची छाया असणे संभवते. कॅप्रो केजच्या वर्गात शिकला होता, हे खरे. तथापि जपानमधील गुताई या कलावंतांच्या गटाचे प्रयोग १९५५ च्या सुमारास स्वतंत्रपणे सुरू झालेले दिसतात. एकच उगम मानण्यापेक्षा समांतर प्रवाह मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अभ्यासक मायकेल कर्बी याने १९६५ मध्ये मांडलेला भेद आजही उपयोगी पडतो : हॅपनिंगमधील व्यक्ती बहुधा भूमिका वठवीत नाही, नेमून दिलेली कृती करते. जर्मन अभ्यासक हान्स-थीस लेमान याने १९९९ मध्ये ‘नाट्योत्तर रंगभूमी’ची, म्हणजे संहिता व कथानक केंद्रस्थानी नसलेल्या रंगभूमीची, संकल्पना सविस्तर मांडली. ही संज्ञा रिचर्ड शेक्नरने आधीच वापरली होती. शास्त्रशुद्ध मांडणीचे श्रेय मात्र लेमानचेच.

प्रयोगकलेची अभ्यासक पेगी फेलन (१९९३) हिच्या मते प्रयोगाचे अस्तित्व वर्तमानातच असते, त्याची नोंद म्हणजे वेगळीच वस्तू. फिलिप ऑस्लँडर (१९९९) याला हे मान्य नाही. ध्वनिचित्रमुद्रण आल्यावरच ‘जिवंत’पणाची कल्पना अर्थपूर्ण झाली, असे तो म्हणतो. ब्लॅक मौंटनचे उदाहरण पाहता दोन्ही बाजू अपुऱ्या पडतात, कारण तेथे मुद्रण नव्हते, तरी प्रयोग आठवणींतून पुढे कार्य करीत राहिला. एरिका फिशर-लिश्टे (२००४) प्रेक्षक व कलावंत यांच्या परस्पर प्रतिसादावर भर देते. उदाहरणार्थ, कलावती मरिना अब्रामोविच हिच्या १९७५ च्या इन्सब्रुक (ऑस्ट्रिया) येथील प्रयोगात बर्फाच्या क्रुसावर पडलेल्या तिला प्रेक्षकांनीच उचलले आणि प्रयोग तेथे संपला.