बायोप्सीत कॅन्सर दिसला, पण नेमका कुठला?

बायोप्सी झाली की रिपोर्टमध्ये कॅन्सरचं नाव येणार आणि ट्रीटमेंट सुरू होणार असं आपण धरून चालतो, आणि बहुतेक वेळा होतंही तसंच. पण काही दुर्मिळ गाठी मायक्रोस्कोपखाली दुसऱ्याच कॅन्सरसारख्या दिसतात आणि तिथे भले भले पॅथॉलॉजिस्ट अडकतात.

उदाहरणार्थ यूइंग सार्कोमा (सार्कोमा म्हणजे हाडं, स्नायू अशा टिश्यूंमधला कॅन्सर), हा जास्त करून लहान आणि तरुण मुलांच्या हाडात होतो. दुखतं, सूज असते, कधी तापही येतो, त्यामुळे सुरुवातीला हाडाचं इन्फेक्शनच वाटतं. बायोप्सी केली तर स्लाइडवर नुसत्या बारीक गोल निळ्या पेशी दाटीवाटीने भरलेल्या, आणि लिम्फोमा, न्यूरोब्लास्टोमा, रॅब्डोमायोसार्कोमा हे दुसरे कॅन्सर पण असेच दिसू शकतात, वर प्रत्येकाची ट्रीटमेंट वेगळी! मग आयएचसी करतात, म्हणजे अँटीबॉडी लावून पेशीतली ठराविक प्रोटीन्स शोधायची. यूइंगमध्ये सीडी99 नावाचं प्रोटीन पॉझिटिव्ह येतं, पण ते लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही येतं, म्हणजे परत पंचाईत. शेवटी जीन तपासावे लागतात, यूइंगमध्ये बहुतेक वेळा 11 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन दोन जीन एकमेकांना जोडले गेलेले सापडतात.

मला स्वतःला जिस्टची गोष्ट जास्त भारी वाटते. जठर, आतड्याच्या भिंतीतला हा ट्यूमर कितीतरी वर्षं स्नायूंचा कॅन्सर म्हणूनच रिपोर्ट व्हायचा कारण पेशी तशाच लांबट, आणि नेहमीच्या केमोला तर तो अजिबात दाद द्यायचा नाही. 1998 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी त्यात किट नावाच्या जीनमधलं म्युटेशन दाखवलं, त्यानंतर एका प्रकारच्या ब्लड कॅन्सरसाठी बनवलेलं इमॅटिनिब इथे देऊन बघितलं आणि ते चाललं की!

उलटंही होतं बरं का. नोड्युलर फॅसायटिस ही गाठ काही आठवड्यांत भरभर वाढते, पेशी जोरात विभागत असतात, बघणाऱ्याला सार्कोमाच वाटावा, पण ती कॅन्सर नसते आणि बऱ्याचदा आपोआप जिरते. ओळखण्यात चूक झाली तर पेशंटचं विनाकारण मोठं ऑपरेशन.

आता टेस्ट आहेत तर अडतं कुठे? टेस्ट सांगायला आधी कोणाला तरी शंका यावी लागते ना. नट कार्सिनोमा हा दुर्मिळ कॅन्सर स्लाइडवर साध्या स्क्वॅमस कार्सिनोमासारखा (म्हणजे चपट्या पेशींच्या नेहमीच्या कॅन्सरसारखा) दिसतो, त्याच्यासाठी खास अँटीबॉडी आहे, पण ती लावायचं डोक्यातच आलं नाही तर? त्यात सुईने काढलेला तुकडा एवढासा, दोन-चार टेस्टमध्येच संपून जातो.

म्हणून पेशंटचं वय, स्कॅन आणि रिपोर्ट यांचा मेळ बसत नसेल किंवा औषध लागूच पडत नसेल तर डॉक्टरांना रिव्ह्यूबद्दल, म्हणजे बायोप्सी दुसऱ्या तज्ज्ञाकडून परत तपासून घेण्याबद्दल, जरूर विचारावं. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून केलेले ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेले असतात, तेच स्लाइडसकट त्या प्रकारच्या गाठी रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे पाठवता येतात, आणि त्यात पुरेसा टिश्यू शिल्लक असेल तर परत सुई टोचायची गरज पडत नाही.