जमीन सतत थरथरत असते, आणि ते लय कामाचं आहे

गळीत हंगामात रात्री दीड-दोनला आमच्या गल्लीच्या टोकावरनं उसाची डबल ट्रॉली गेली की मांडणीवरचे स्टीलचे पेले किणकिणतात. एकदा फोनमधल्या सेन्सरचं अ‍ॅप चालू करून फोन फरशीवर ठेवला, तर सपाट रेघेचे करवतीसारखे दात झाले आणि ट्रॅक्टर लांब गेला तशी रेघ परत सपाट. पण फोनला बारीक हालचाल कळतच नाही म्हणून ती सपाट, तिथंच चांगला भूकंपमापक ठेवला तर भूकंप नसतानाही रेघ हलतच राहते.

कारण अरबी समुद्र इथनं शंभरएक किलोमीटरवर आहे. समोरासमोर येणाऱ्या लाटा एकमेकींना भिडल्या की समुद्राच्या तळावर दाब पडतो आणि ५ ते १० सेकंदांना एक अशी संथ थरथर जमिनीतनं आत लांबवर पोचते, पावसाळ्यात तर ती अजून वाढते.

भूकंपवाले आधी हा गोंगाट गाळून टाकायचे. २००४-०५ च्या सुमारास निकोलाय शापिरो, मिशेल कांपियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की त्याच्यातच जमिनीची माहिती आहे. समजा एक यंत्र पन्हाळ्यावर आणि दुसरं कागलात, मधे सरळ रेषेत साधारण ३३ किलोमीटर. महिनाभराची दोन्ही रेकॉर्डिंग एकमेकांवर सरकवून बघायची, कुठं जुळतात ते. बाकीचा गोंगाट आपोआप एकमेकाला खोडतो आणि ११ सेकंद सरकवल्यावर जुळलं तर तरंगाचा वेग निघाला सेकंदाला ३ किलोमीटर. तरंग उठवायला ना सुरुंग, ना भूकंपाची वाट बघणं. मला हे अजूनही भारी वाटतं.

आता खोलीचं. तरंग जितका लांब तितका तो खोलवरच्या खडकाचा वेग सांगतो, ढोबळमानानं तरंगलांबीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. म्हणजे ६ सेकंदांचा तरंग ३ किलोमीटरच्या वेगानं गेला तर लांबी १८ किलोमीटर, खोली ६ च्या आसपास. अशा शेकडो जोड्या घेतल्या की नकाशा तयार होतो. उत्तर समुद्रात नॉर्वेच्या हद्दीतल्या वालहॉल तेलक्षेत्रात २००३ पासून तळावर दोन हजारांहून जास्त सेन्सर कायमचे बसवलेत, आणि नुसत्या गोंगाटातनं तिथं तळाखाली गाडल्या गेलेल्या जुन्या नद्यांची पात्रं दिसली.

तेलाच्या साठ्यावर २ ते ४ हर्ट्झची खास गुणगुण ऐकू येते असाही दावा काही जण करतात. मला तो पटत नाही, कारण वाहनं आणि कारखाने त्याच पट्ट्यात आवाज करतात, आणि वरचा मऊ मातीचा थरसुद्धा. २० मीटर जाडीची माती आणि तिच्यात तरंगाचा वेग सेकंदाला २४० मीटर धरला, तर वेग भागिले चारपट जाडी, उत्तर बरोबर ३ हर्ट्झ! आता खाली तेल आहे का नुसती नदीकाठची काळी माती, हे त्या एका आकड्यावरनं कसं ठरवणार?

आपल्याकडं जमिनीखालचं तेल शोधायची अडचण वेगळी, वर डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याच्या बसाल्टचा कातळ. सुरुंगाचे बारीक तरंग लाव्ह्याच्या थरांत विखरून जातात, समुद्राचे लांब तरंग मात्र आरपार जातात, चित्र थोडं धूसर येतं एवढंच. कोयनेला ३ किलोमीटर खोल बोअर मारलं तेव्हा सव्वा किलोमीटर बसाल्ट लागला आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइट, मधे तेल धरणारा गाळाचा थर नाहीच. सौराष्ट्र-कच्छात मात्र बसाल्टखाली तसा गाळ आहे, आणि हा गोंगाट ऐकायची खरी गरज तिथं आहे.