१०५ च्या आजूबाजूला

गुहागरला आषाढात वीज गेली की आमच्या पडवीत चौकटीची वही निघते. या खेपेला भाची मूळ संख्यांना गोल करत दोनशेपर्यंत गेली आणि १०१, १०३, १०७, १०९ पाशी थबकली. "मामा, एकाच दशकात चार?"

चारच, पाचवी नाहीच. दहाच्या पुढे सम संख्या बाद, ५ ने संपणारी बाद. उरतात शेवटी १, ३, ७, ९ असलेल्या. आता मधली १०५ बघा. सलग तीन विषम संख्यांत एकीला ३ ने भाग जातोच. १०३ आणि १०७ मूळ आहेत, तेव्हा तो भाग १०५ च्याच वाट्याला आला. ५ ने तर तिला जातोच. म्हणून अशा प्रत्येक चौकडीच्या मधोमध १५ ची पट बसलेली असते: १५, १०५, १९५, मग एकदम ८२५, पुढे १४८५. भाचीने ८२१, ८२३, ८२७, ८२९ एकेक करून तपासल्या. २९ पेक्षा लहान मूळ संख्यांनी भागून बघितले की काम होते.

या चौकड्या कधी संपतात का? अजून कुणालाच सिद्ध करता आलेले नाही. साध्या जोडमूळ संख्यांचेही, म्हणजे १०१ आणि १०३ सारख्या दोनच्या अंतरावरच्या जोड्यांचेही, तेच. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी दाखवले की ७ कोटींहून कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. ते अंतर पुढे २४६ वर आले. त्याच वर्षी जेम्स मेनार्ड यांनी त्याहून मोठी गोष्ट सिद्ध केली: तुम्ही शंभर म्हणा, हजार म्हणा, तितक्या मूळ संख्या एका ठरावीक लांबीत अनंत वेळा एकत्र येतात. मला हा निकाल फार थोर वाटतो.

हार्डी आणि लिटलवुड या गणितज्ञांचा १९२३ चा एक अंदाज असा की संख्यांच्या सुरुवातीच्या पट्ट्यात मूळ संख्यांची जितकी दाटी असते, ती तितक्याच लांबीच्या पुढच्या कुठल्याही पट्ट्यात ओलांडली जात नाही. पण त्यांचाच दुसरा अंदाज याच्या आड येतो: भागाकाराची आडकाठी नसलेला मूळ संख्यांचा कुठलाही घोळका, आपल्या चौकडीसारखा, अनंत वेळा येतो. दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत, हे १९७४ मध्ये हेन्स्ली आणि रिचर्ड्स यांनी दाखवले. ३१५९ पर्यंत ४४६ मूळ संख्या आहेत. दुसरा अंदाज खरा असेल, तर पुढे कुठेतरी सलग ३१५९ संख्यांत ४४७ असणारच. ती जागा अजून कुणाला सापडलेली नाही.